निम्मा आकडा

माझ्या डोक्यावर केस नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. पस्तिशीत कपाळावरून मागे सरले, चाळिशीत माथा उघडा पडला, आणि आता त्रेपन्नाव्या वर्षी कानांपाशी आणि मानेवर जे उरलेत ते भादरायला न्हावी पाच मिनिटंसुद्धा घेत नाही. असं डोकं घेऊन मी पनवेलच्या एसटी स्टँडजवळ सत्तावीस वर्षं औषधांचं दुकान चालवतोय. त्यातली पंधराएक वर्षं केस गळू नयेत म्हणून घ्यायच्या गोळ्या विकतोय. गिऱ्हाईक पाकिटाकडे बघतं, मग माझ्या डोक्याकडे बघतं आणि विचारतं, "मग तुम्ही का नाही घेत?"

"माझं लग्न झालंय," असं माझं ठरलेलं उत्तर. गिऱ्हाईक हसतं आणि पाकीट घेऊन जातं. माणसाला हसवलं की तो पुढचे प्रश्न विचारत नाही, हे मला दुकानाने फार लवकर शिकवलं.

दुकानातले किस्से लिहा, असं ओळखीच्या लोकांनी मला सांगितलं. किस्से पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की एकच माणूस समोर येऊन उभा राहतो, आणि त्याच्याबद्दल लिहायचं टाळून बाकीचं लिहिणं मला खोटेपणाचं वाटतं.

आधी थोडं गोळीविषयी. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन असतं. दाढीमिशी, जाड आवाज, ही त्याची करणी. शरीरातलं एक एन्झाइम या हार्मोनच्या काही भागाचं आणखी जोरकस हार्मोन बनवतं. त्याला डॉक्टर डीएचटी म्हणतात. ज्यांच्या रक्तातच टक्कल आहे, त्यांच्या माथ्यावरच्या आणि कपाळाच्या कडांच्या केसांच्या मुळांना हे डीएचटी सोसत नाही. मूळ एका दिवसात मरत नाही. एक केस गळतो, त्या जागी पुढचा येतो तो जरा बारीक, त्याच्या पुढचा आणखी आखूड, असं होत होत नुसती लव उरते. मानेवरच्या मुळांना डीएचटीचं काही वाटत नाही, म्हणून माझ्यासारख्यांच्या मागे झालर शिल्लक राहते.

फिनास्टेराइड नावाची गोळी त्या एन्झाइमला अडवते. टेस्टोस्टेरॉन तसंच राहतं, त्याचं डीएचटी होणं कमी होतं. मुळांना उसंत मिळते. पुष्कळांची गळती थांबते, काहींचे थोडेफार परतही येतात. मात्र सहा महिने ते वर्षभर धीर धरावा लागतो, मूळ पूर्ण गेलं असेल तिथे उपयोग नाही, आणि गोळी सोडली की कमावलेलं वर्षभरात निघून जातं. हीच गोळी जास्त ताकदीची करून म्हाताऱ्या माणसांना लघवीच्या त्रासासाठी देतात, कारण प्रोस्टेट ग्रंथी वाढते तीही याच डीएचटीमुळे. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. माझ्या लक्षात होती, पण वेळेवर आठवली नाही.

गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसते. पाकिटावर तसं छापलेलंच असतं. मी देत होतो.

बाकी औषधं माणसं मोठ्याने मागतात. मूळव्याधीचं मलमसुद्धा मागतात. केसांची गोळी मागायला येणारा पुरुष मात्र काउंटर रिकामा व्हायची वाट बघतो, मोबाइलवर नाव टाइप करतो आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवतो. आपण दिसण्याची काळजी करतो, हे कुणाला कळणं त्याला नको असतं. घरच्यांना तर नकोच. पाकिटावरचं नाव बायकोने मोबाइलवर शोधलं की आधी 'प्रोस्टेट' येतं आणि मग 'कामेच्छा कमी होणे' येतं. मग जेवणाच्या ताटावर चौकशी.

त्यावर मी एक सोय काढली होती. स्ट्रिपमधून गोळ्या काढायच्या, व्हिटॅमिनच्या रिकाम्या डबीत भरायच्या, झाकण लावून द्यायच्या. डबीवर लेबल व्हिटॅमिनचंच. स्ट्रिप, पाकीट आणि आतलं बारीक अक्षरांचं घडी घातलेलं माहितीपत्रक दुकानातल्या कचऱ्याच्या डब्यात. बिल नाही. गिऱ्हाईक इतकं खूश व्हायचं की पुन्हा दुसऱ्या दुकानात जायचं नाही. ही माझ्या धंद्यातली हुशारी आहे, असं मला वाटायचं.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात बिलिंगला बसणारा एक मुलगा होता. लग्नाचं बघणं चालू झालं तेव्हा गोळी घ्यायला लागला. तीन महिन्यांनी आला, "काका, उशीवर अजून केस सापडतात." सुरुवातीला कमजोर केस आधी गळतात, थांब, असं मी सांगितलं आणि ते बरोबर होतं. त्याचं लग्न झालं. पुढे एक दिवस आला, उगाच वजनकाट्यावर उभा राहिला, उतरला, परत उभा राहिला.

"काका, या गोळीने... म्हणजे... काही फरक पडतो का? घरी?"

थोड्या लोकांना पडतो. इच्छा कमी होते, जमत नाही, काहींचं मन उदास होतं. हे सगळं त्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. मी म्हणालो, "नवीन लग्न आहे रे. टेन्शन घेऊ नकोस. सगळं डोक्यात असतं." त्याने चार महिने आणखी गोळी खाल्ली. मग स्वतःच कुठेतरी वाचलं, थांबवली, आणि काही आठवड्यांत बरा झाला. मला येऊन एवढंच म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं ना, काका?" आजही रस्त्यात दिसला की मान हलवतो. दुकानाची पायरी चढत नाही.

त्या वेळी मी डब्या भरणं थांबवायला हवं होतं. मी नाही थांबवलं. समोरच्याला बरं वाटेल ते बोलायची सवय लागली की ती वाईट सवय आहे हे कळायला फार वेळ लागतो. लोक तुम्हाला चांगला माणूस म्हणत असतात.

आता हरीशेठ. उरण रस्त्यावरच्या एका गावचे. वडिलांची मिठागरं होती. जमिनी प्रकल्पात गेल्या, हरीशेठनी पाण्याचे टँकर घेतले, मग जेसीबी. नऊ वर्षांपूर्वी, म्हणजे त्यांच्या चौपन्नाव्या वर्षी, ते दुकानात आले आणि गर्दी कमी होईपर्यंत खोकल्याच्या गोळ्यांची बरणी न्याहाळत उभे राहिले. मग डोक्यावरची टोपी काढली.

"भाऊ, हे बघा. वाढदिवसाचा बॅनर लावलाय पोरांनी नाक्यावर. फोटोत सगला उजेड टकलावर पडलाय. भाचा बोलतो, मामा, या बॅनरला वेगली लाइट लावायची गरज नाय."

मी हसलो.

"हसता काय? तुमचा बॅनर नाय लागत म्हणून बरं. पुढल्या साली पोराची हलद हाय, आख्खं गाव मोबाइल घेऊन उभं राहणार."

त्यांना गोळी समजावून सांगताना मला एक दाखला सुचला आणि मी स्वतःवरच खूश झालो. म्हटलं, तुमच्या मिठागराच्या बांधाला उघाडी असते ना, पाणी आत घ्यायचं दार? उघाडी बंद केली तर समुद्र आटत नाही, भरती थांबत नाही, फक्त आत पाणी येत नाही. ही गोळी म्हणजे बंद उघाडी.

"म्हणजे मर्दानगीला धोका नाय?"

"काही नाही हो."

"आणि घरात कलता कामा नये. सून येणार ती शिकलेली हाय. पाकीट बघितलं की शोधून काढंल."

मी व्हिटॅमिनची डबी काढली.

गोळी त्यांना लागू पडली. लग्नात त्यांचं डोकं खरंच भरलेलं दिसत होतं. मला आग्रहाने पहिल्या पंगतीला बसवलं, आणि भाच्यादेखत माझ्या पाठीवर थाप मारली. का मारली, ते आम्हा दोघांनाच माहीत.

पुढे त्यांच्या मुलाने आग्रह धरून त्यांची सगळी तपासणी करून घेतली. तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. त्यात रक्ताची पीएसए नावाची तपासणी होती. प्रोस्टेट ग्रंथीतून एक प्रथिन रक्तात उतरतं, ते किती आहे हे त्यात मोजतात. आकडा जास्त आला तर ग्रंथीत कॅन्सर आहे का, हे पुढे जाऊन बघतात. डॉक्टरांनी विचारलं, कुठली औषधं चालू आहेत. सुनेने, प्रणालीने, घरातली पिशवीच सोबत नेली होती. ब्लडप्रेशरची गोळी आणि व्हिटॅमिनची डबी. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं: ब्लडप्रेशर, व्हिटॅमिन. हरीशेठ गप्प बसले. सून शेजारी होती.

आमच्याकडे लोक रिपोर्ट डॉक्टरच्या आधी मेडिकलवाल्याला दाखवतात. हरीशेठनीही काउंटरवर ठेवला. आकडा होता दोन पूर्णांक नऊ. बाजूला छापलेलं होतं, चारपर्यंत ठीक.

"चारच्या आत आहे. एकदम नॉर्मल," मी म्हणालो.

"बघा," ते शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "गाडी अजून शोरूम कंडिशन."

फिनास्टेराइड घेणाऱ्याचा पीएसएचा आकडा साधारण निम्मा होतो. ग्रंथी आकसते, प्रथिन कमी उतरतं. त्यामुळे या माणसाचा आकडा दुप्पट करून वाचायचा असतो. हे मी कॉलेजात शिकलो नव्हतो, पण माहितीपत्रकात वाचलं होतं. तेच माहितीपत्रक, जे मी दर महिन्याला माझ्या हाताने कचऱ्यात टाकत होतो. डॉक्टरांना गोळी माहीत नव्हती. प्रयोगशाळेला माहीत नव्हती. गोळीही माहीत आणि आकडाही माहीत, असा माणूस जगात एकच होता, आणि त्याने नॉर्मल म्हणून सांगितलं.

पुढच्या वर्षी तीन पूर्णांक सहा आला. "जरा वाढला काय?" हरीशेठनी विचारलं. "वयाने वाढतो. चारच्या आतच आहे." त्याच्या पुढच्या वर्षी ते तपासणीला गेलेच नाहीत, आणि त्याच्या पुढेही नाहीत. कशाला जातील? दोनदा नॉर्मल आलं होतं.

गेल्या वर्षी त्यांची कंबर दुखायला लागली. टँकरमध्ये चढउतार, खड्डे, वय. मी मलम दिलं, वेदनाशामक दिलं, कमरेचा पट्टा दिला. तीन महिने देत राहिलो. मग एका दुपारी प्रणाली फाइल घेऊन आली. ती शाळेत गणित शिकवते, नीट आणि थोडं बोलते.

"काका, पप्पांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघालाय. हाडांत गेलाय." तिने चिठ्ठी पुढे केली. त्यावर पुरुषी हार्मोन अडवणाऱ्या गोळ्या होत्या, आणि दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन. माझी गोळी हार्मोनची फक्त एक वाट अडवत होती. हे इंजेक्शन हार्मोन तयार होणंच बंद करतं, कारण हा कॅन्सर त्या हार्मोनवर पोसतो.

"डॉक्टर म्हणाले, आधीचे दोन रिपोर्ट इतके चांगले कसे, कळत नाही," ती म्हणाली. मग पिशवीत हात घालून तिने ती डबी काढली. "आणि त्यांची व्हिटॅमिनं संपलीत. ही पण भरून द्या. आता तर जास्तच लागतील ना ताकदीला."

ती डबी माझ्या हातात होती. "आज नाहीयेत," मी म्हणालो.

आठ दिवस मी त्या वाक्यामागे लपून बसलो. रोज ठरवायचो, उद्या जाऊ. खरं सांगायचं तर मी हेही मोजून पाहिलं की कुणाला कधी कळेल का. बिल नाही, पाकीट नाही. कळलं नसतं. पण डॉक्टर आता उपचार लागू पडतोय का हे त्याच आकड्यावरून ठरवणार होते, आणि हरीशेठ दुसऱ्या दुकानातून गोळी आणून गुपचूप चालू ठेवू शकले असते. नवव्या दिवशी मी दुकान बंद करून त्यांच्या गावी गेलो.

ते ओटीवर उशा लावून बसले होते. डोक्यावर केस तसेच दाट. प्रणाली शाळेत होती, मुलगा साइटवर. मी सगळं सांगितलं, उभ्यानेच. आकडा, निम्मा, दुप्पट, माहितीपत्रक.

त्यांनी पाठीमागची उशी सरकवली. मग म्हणाले, "म्हणजे उघाडी बंद व्हती म्हणून आत पाणी कमी दिसलं. बाहेर भरती किती हाय त्ये तुमी बघितलंच नाय."

"नाही बघितलं."

"तवाच कललं असतं तर?"

"कदाचित हाडांत जायच्या आधी सापडला असता. नक्की कुणी सांगू शकणार नाही."

"तुमी नॉर्मल बोललात, मी गावभर सांगितलं." त्यांचा आवाज वाढला, मग पडला. "आणि मी येडा. डॉक्टर विचारत व्हता, मी सुनेच्या तोंडाकडं बघत बसलो."

म्हटलं, डॉक्टरांना सांगायलाच हवं. त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते मला अजून झोपू देत नाही. "डॉक्टरला सांगा. पण घरात नको, भाऊ. कॅन्सरचं चालतं. केसांसाठी गोली खायचो, हे पोरांना नका सांगू."

मी त्यांना हो म्हणालो. पुन्हा एकदा समोरच्याला बरं वाटेल ते बोललो.

पण डॉक्टरांच्या खोलीत प्रणाली आलीच. फाइल तिच्याकडे होती, हरीशेठना उठबस तिच्याशिवाय जमत नव्हती. डॉक्टर वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. त्यांनी विचारलं, "तुम्हाला काहीतरी सांगायचंय म्हणे?" मी हरीशेठकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. ती परवानगी होती की विनवणी, मला कळलं नाही. मी बोललो.

डॉक्टरांनी जुने रिपोर्ट पुढे ओढले आणि पेनाने पहिल्या आकड्याशेजारी लिहिलं, पाच पूर्णांक आठ. दुसऱ्याशेजारी लिहिलं, सात पूर्णांक दोन. म्हणाले, "कॅन्सर या गोळीने केला, असं मी म्हणणार नाही. गोळी वाईट नाही. पण पहिलाच आकडा असा दिसला असता तर मी यांना घरी पाठवलं नसतं." मग माझ्याकडे पाहून अगदी सौम्यपणे विचारलं, "तुम्ही फार्मासिस्ट आहात ना?"

प्रणालीने सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पप्पा, मला माहीत होतं तुम्ही केसांना काहीतरी लावता. वाटलं तेल असेल," ती म्हणाली. "सांगितलं असतं तर मी हसले नसते." हरीशेठ खाली मान घालून रडले. हाडांचं कळल्यावर ते रडले नव्हते, असं तिने मला मागाहून सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात ती माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता ओरडेल. मी त्याची वाटच बघत होतो, ओरडली असती तर हलकं वाटलं असतं. ती म्हणाली, "काका, अशा डब्या आणखी किती जणांकडे आहेत?"

बिलं नव्हती, नावं नव्हती. नाव न विचारणं हीच तर माझी सोय होती.

त्या संध्याकाळी मी वही घेऊन आठवायला बसलो. चेहऱ्यांवरून, गावांवरून, 'बँकवाला', 'पांढरी स्कूटर', 'करंजाड्याचे मास्तर' असं लिहीत गेलो. तेवीस माणसं झाली. त्यातले सोळा मला सापडले. काही दुकानात आले, काहींना शोधत गेलो. एकाचा नंबर शोधून घरी फोन केला तर त्याने "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. आवाज मी ओळखला होता, मागे टीव्ही आणि बायकामुलांचा गलका चालू होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसच्या फाटकाशी उभा राहून त्याला गाठलं. सगळ्यांना पाकीट आणि माहितीपत्रक हातात दिलं. दोघांनी शिव्या दिल्या. ते बरोबरच होतं. बासष्ट वर्षांच्या एकाने जुना रिपोर्ट काढून दाखवला, मी त्याच्यासमोर आकडा दुप्पट केला, आणि त्याच आठवड्यात तो डॉक्टरांकडे गेला. पुढे काय निघालं ते त्याने मला सांगितलेलं नाही. विचारायचा हक्क मी गमावला आहे.

हरीशेठवर उपचार चालू आहेत. इंजेक्शनने मध्येच अंगाची लाही होते, माघातही पंखा लागतो. दुखणं कमी आहे. औषधं ते आता दुसऱ्या दुकानातून घेतात. ते प्रणालीने ठरवलं आणि योग्यच केलं. मी चिठ्ठीशिवाय ही गोळी देत नाही, आणि चिठ्ठी असली तरी पन्नाशीच्या पुढच्या माणसाला पीएसएचं सांगितल्याशिवाय पाकीट हातात देत नाही. रांगेतले लोक ऐकतात, तो लाजतो. लाजू दे.

सात माणसं मात्र मला सापडलेली नाहीत. कुणी बदली होऊन गेलं असेल, कुणी घर बदललं असेल. त्यांच्यासाठी हे लिहिलं. पनवेलच्या स्टँडजवळच्या एका टकल्या दुकानदाराकडून तुम्ही कधी व्हिटॅमिनच्या डबीत केसांच्या गोळ्या नेल्या असतील, तर त्या गोळीचं नाव फिनास्टेराइड आहे. तुमच्या रक्तातला पीएसएचा आकडा निम्मा दिसला असेल. डॉक्टरांना जाऊन सांगा, सून शेजारी बसली असली तरी सांगा. दोष कुणाचा असं त्यांनी विचारलं तर माझं नाव द्या. तुमचं मी कुणाला देणार नाही.